बाबाजी, बापाचे नाव रामजी

मागच्या व्याख्यानात आपण मुंबई बंदरातून बाहेर पडलेल्या मालाबद्दल बोललो, आज माणसांबद्दल बोलायचं आहे. आणि सुरुवात एका कागदापासून करतो, कारण माझ्याकडे हा विषय आला तोच एका कागदाच्या झेरॉक्सवरून.

मॉरिशसहून तीन पाहुणे आले होते. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि भावाची मुलगी. हातात तिकडच्या स्थलांतर नोंदवहीतल्या एका पानाचा उतारा. त्यावर एक क्रमांक. नाव बाबाजी, बापाचे नाव रामजी, वय बावीस, जात 'मराठा', जिल्हा रत्नागिरी, पुढे गावाचं नाव, मग जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवला ते. साल १८५० च्या दशकातलं. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि अगदी स्वच्छ, थोड्या पुस्तकी मराठीत विचारलं, "सर, हे आमचं गाव आहे. तिथे आमचं कोण आहे?"

मी हो म्हणालो. उत्साहाच्या भरात म्हणालो, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. ती पुढे सांगतो.

आधी हा बाबाजी गेला कसा, ते बघू. इंग्रजांनी १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मॉरिशसमध्ये त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी १८३५ पासून झाली. उसाच्या मळेवाल्यांना माणसं हवी होती, आणि सुटलेले गुलाम त्याच मळ्यावर पुन्हा राबायला तयार नव्हते. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून 'ॲटलस' नावाचं जहाज छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तो दिवस आज तिकडे सुट्टीचा असतो. पुढच्या साधारण पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या घरात माणसं हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरली. बेट केवढं? आपल्या एखाद्या लहानशा जिल्ह्याहूनही लहान. मधे १८३९ मध्ये ही भरती बंद झाली, कारण फसवणुकीच्या तक्रारी फार झाल्या. १८४२ मध्ये कायदा होऊन ती पुन्हा सुरू झाली, आणि आता कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा तीन बंदरांतूनच करायची असं ठरलं.

यात मुंबईचा वाटा सगळ्यात कमी. म्हणून तर आपल्याकडे ही गोष्ट कुणाला ठाऊक नसते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात 'गिरमिटिया' हा शब्द लोकगीतांत आहे. कोकणात तसा शब्दच राहिला नाही, कारण मुंबईचा ओघ मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाहिला आणि आटला. का आटला? एक कारण तुमच्या डोळ्यासमोर आहे. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत कापडगिरणी काढायला घेतली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणच्या माणसाला राबायला जागा मिळाली ती गलबताच्या एका रात्रीच्या अंतरावर. तो काय म्हणून काळ्या पाण्यापलीकडे जाईल? पण गिरण्यांच्या आधीची एक पिढी होती, ती मधल्यामधे सापडली.

त्या पिढीचं गावात काय होतं? खोती. भाताचं निम्मं पीक खोताच्या घरी, वर वेठ. सावंतवाडी संस्थानाचा कारभार १८३८ मध्ये इंग्रजांनी हातात घेतला, १८४४ मध्ये तिकडे बंड झालं, ते मोडलं, गडकरी शिपाई बेकार झाले. डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणी-वरीवर पोट, आणि भावांची संख्या वाढती. बंदरावर कुणी 'पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडा' असं सांगितलं, तर तो आकडा ऐकायला वाईट नव्हता. सहीऐवजी अंगठा. कागद काय म्हणतो हे उठवणाऱ्याला कळत नव्हतं आणि वाचून दाखवणाऱ्याला त्याची घाई नव्हती.

पाच वर्षं झाल्यावर परत यायचं होतं, हे विसरू नका. जाणारा माणूस गाव सोडून जात नव्हता. तो मुंबईला जावं तसा गेला होता. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश परतलेही. उरलेल्यांतले कित्येक मेले. १८६६ ते ६८ ची मलेरियाची साथ एकटीच हजारोंना घेऊन गेली. काहींचा करार पुन्हा पुन्हा वाढला. काहींनी तिथे चार पैसे जमवून जमिनीचा तुकडा घेतला, लग्न केलं आणि 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले. आज तिकडे मराठी म्हणवणारे लोक लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतील. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी विषय घेतात, गणेशचतुर्थीला देशाला सुट्टी असते, आणि आपली जाखडी तिकडे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. इथे मुंबईत वाढलेल्या किती कोकणी पोरांनी जाखडी पाहिली आहे, हात वर करा. बघा.

आता कागदाकडे येऊ. या नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, आणि मी तुम्हाला खरं सांगतो, त्या काळातल्या गरीब कोकणी माणसाबद्दल एवढी माहिती आपल्या एकाही दप्तरात नाही. ज्या माणसाची गावात जन्माची नोंद नाही, जमिनीवर नाव नाही, त्याची उंची, वय, अंगावरची खूण तिकडे लिहिलेली सापडते. १८६० च्या दशकापासून तर फोटोसुद्धा. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटो लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगावं लागे, ते नसलं की पकडत. छळासाठी केलेली नोंद आज पणतवंडांना आशीर्वादासारखी वाटते. आमच्या बाबाजीचा फोटो मात्र नाही, तो त्या आधी उतरला.

पण या कागदात तीन खड्डे आहेत, आणि मूळ गाव शोधायला निघालेला प्रत्येक जण त्यांतल्या एकात तरी पडतो.

पहिला, नाव. कोकणातून गेलेल्या माणसाला कारकुनाने नाव विचारलं, त्याने सांगितलं 'बाबाजी'. बापाचं विचारलं, 'रामजी'. आडनाव कुणी विचारलं नाही. तिकडे पुढच्या पिढीची फ्रेंच पद्धतीने नोंद झाली तेव्हा बाबाजी हेच आडनाव झालं. म्हणजे आज तिकडे जे आडनाव आहे ते इथे कुणाचंच नाही. इथे जे आडनाव होतं, राणे, परब, गावडे, कदम, जे काय असेल ते, ते समुद्रात पडलं. आपल्याकडे कुळाची माहिती ठेवणारी उत्तम व्यवस्था आहे, नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. पण त्या उघडतात गाव आणि आडनाव सांगितल्यावर. आडनाव कळावं म्हणून वही हवी, आणि वही उघडायला आडनाव हवं!

दुसरा, गाव. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच पद्धतीने कानावर पडेल ते लिहितो. आणि आपल्याकडे एका नावाची गावं किती! पेंडूर मालवण तालुक्यात आहे, वेंगुर्ल्यातही आहे. कोळंब मालवणात, कोळंबे रत्नागिरीत, आणि शेवटचा एकार कारकुनाला ऐकू येईल याची खात्री काय? त्यात जिल्हा 'रत्नागिरी' लिहिलेला असला तर आज तो सिंधुदुर्ग असू शकतो, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. मॉरिशसचे लोक रत्नागिरी शहरात उतरून रिक्षावाल्याला मालवणातल्या गावाचा पत्ता विचारतात, हे मी पाहिलेलं आहे. आमच्या कागदावरचं गाव दोन महिने नकाशे चाळून मी एकावर आणलं. त्याबद्दल माझी बऱ्यापैकी खात्री आहे. नाव मी इथे सांगणार नाही, का ते कळेल.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल, जात. रकान्यात 'मराठा' लिहिलंय. पण मुंबई बंदरावरून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या कुणालाही तो कारकून 'मराठा' लिहून मोकळा होई. कधी 'कुणबी' दिसतं, कधी 'महार' दिसतं, पण 'मराठा' हा शब्द भाषेचा, मुलखाचा की जातीचा, हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. शिवाय डेपोत नाव सांगणारा माणूसही काय सांगेल ते सांगेल. जहाजावर एका पंगतीत जेवायचं, एका तळात झोपायचं. गावातली जात जर नकोच असेल, तर ती टाकून द्यायला याहून चांगली जागा कोणती होती?

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय केलं? गावातल्या एका ओळखीच्या शिक्षकाला आठवडाभर आधी फोन केला आणि सांगितलं, अमुक पाहुणे येतायत, त्यांचा पूर्वज बाबाजी, बापाचं नाव रामजी, मराठा, जरा चौकशी करून ठेवा.

डिसेंबरमध्ये आम्ही गेलो. जत्रांचा हंगाम, रात्री कुठे ना कुठे दशावतार. गावात शिरलो तर शाळेजवळ माणसं उभी, हार, नारळ. मराठा वाडीतल्या एका मोठ्या घरी नेलं. सारवलेलं खळं, रांगोळी. घरच्या वृद्ध बाईंनी पाहुण्या बाईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाय माझे, इतक्या वर्सांनी इलंस!" मॉरिशसच्या बाई रडल्या, भाऊ रडला. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. भिंतीवर वंशावळ लावलेली होती. रामजीला चार मुलगे, तिसऱ्याच्या चौकटीत 'बाबाजी (परदेशी गेले)'.

भावाने त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवूनच राहिला.

जेवणं झाली. घरातल्या कर्त्या पुरुषाने मला पडवीत बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "जमनीचा काय नाय मां?" यात हसण्यासारखं काही नाही. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. एका खात्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, चार मेलेले, वारस नोंद झालेली नाही, आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत एक आंब्याचं झाड तोडता येत नाही. त्यात समुद्रापलीकडून आणखी एक शाखा उगवली तर? मी त्यांना शपथेवर सांगितलं, जमिनीचं काही नाही. त्यांचा चेहरा सुटला. मग मी सहज विचारलं, वंशावळ फार सुबक छापलीय, कधी केलीत? म्हणाले, "आता, गेल्या मंगळवारी. कणकवलीतसून छापून आणली."

आणि जुनी? जुनी वहीत होती, ती त्यांनी आनंदाने दाखवली. तीत रामजी होता. त्याला चार मुलगे होते. तिसऱ्याच्या जागी नुसती आडवी रेघ.

ॲलेक्स हॅलेंचं 'रूट्स' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, १९७६ चं. हॅले आपल्या पूर्वजाच्या, कुंटा किंटेच्या शोधात गॅम्बियातल्या जुफुरे गावी गेले आणि तिथल्या वृद्ध कथेकऱ्याने पिढ्यानपिढ्यांची नावं सांगत सांगत नेमकं त्यांना हवं ते नाव उच्चारलं. जगभर लोक रडले. नंतर इतिहासकारांनी तपासलं तेव्हा दिसलं की हॅलेंना काय ऐकायचंय ते त्यांच्या येण्याआधीच सगळीकडे पोचलं होतं. कथेकऱ्याला खोटारडा म्हणायचं कारण नाही. दारात आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढाच त्याचा धर्म. मी हे प्रकरण वर्गात वीस वर्षं शिकवलं. आणि त्या आडव्या रेघेत जे नाव भरलं गेलं, ते माझ्या फोनमधून आलं होतं.

आता ते नाव खोटंच आहे असंही नाही. रामजी होता, तिसरा मुलगा नाहीसा झाला होता, हे जुन्या वहीत आहे. पण रामजी आणि बाबाजी ही त्या काळची नावं म्हणजे एका वाडीत हाक मारली तर पाच जण ओ देतील अशी.

संध्याकाळी मी शाळेच्या शिक्षकांना म्हटलं, मला दुसरी वाडी बघायचीय. त्यांना कळलं नाही, म्हणजे कळलं, पण ते म्हणाले, "तिकडे कशाला सर? कागदावर मराठा आहे ना?" मी रकान्याचं सांगितलं. पाहुण्या बाई ऐकत होत्या. त्या उठून चपला घालायला लागल्या. भाऊ आला नाही.

बौद्धवाडी ओढ्यापलीकडे. तिथे आम्ही येणार हे कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे हार नव्हते. एका घरात नव्वदीच्या आसपासची आजी दारात बसल्या होत्या. मी या वेळी शहाणपण केलं, नाव उच्चारलं नाही. फक्त विचारलं, आजी, तुमच्या घरातलं, वाडीतलं कोणी पूर्वी समुद्रापलीकडे गेलं होतं का?

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचीपण माणसा गेली. तेंका कोण इचारता?" आणि सांगायला लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची सासू महाळाला सगळी पानं वाढून झाली की एक पान वेगळं, दाराबाहेर, समुद्राच्या दिशेला ठेवायची. कोणासाठी? "दर्यापलीकडे गेलो, तो मेलो काय जीतो हा, ठाऊक नाय, म्हणान भायर." नाव? नाव सासूलाही माहीत नव्हतं. मग ते पान कधी बंद झालं? आजी म्हणाल्या, "बाबासाहेबांनी धम्म दिलो, मगे आमी महाळ सोडलो. पानपण सोडला."

१९५६. म्हणजे जाणाऱ्याच्या नंतर शंभर वर्षं, चार पिढ्या, नाव विसरलेल्या माणसासाठी एक पान वाढलं जात होतं.

पाहुण्या बाई खाली बसल्या, आजींच्या शेजारी, त्याच पायरीवर. चहा आला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. निघताना आजींनी मला विचारलं, "ही आमची?" मी म्हटलं, आजी, मला सांगता येत नाही. त्यावर त्या बाईंना म्हणाल्या, "मगे तू ये परत, सांगता येवदे नायतर नको."

परतीच्या गाडीत भाऊ आणि बहीण बोलत नव्हते. भाचीनेच विषय काढला. ती विज्ञान शिकलेली मुलगी. म्हणाली, सर, बाबा बाबाजीच्या सरळ पुरुषवंशातले आहेत, बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासता येईल, दोन्ही वाड्यांतल्या एकेका पुरुषाची थुंकी घेतली की झालं. बरोबर आहे तिचं. मधे दत्तक वगैरे काही घडलं नसेल तर उत्तर मिळू शकतं, किंवा दोन्हीकडून 'नाही' मिळू शकतं, ज्याची तयारी कुणाचीच नव्हती. भाऊ म्हणाला, गरज नाही, वंशावळ आपण पाहिली. बाई म्हणाल्या, कोणाला विचारायचं आणि काय सांगून विचारायचं?

मला लेखी निष्कर्ष द्यायचा होता. तो साडेतीन ओळींचा आहे. गाव बहुधा हेच. वाडी पुराव्यावरून ठरत नाही. मराठा वाडीतल्या घराच्या बाजूने जुन्या वहीतली रेघ आणि रामजी हे नाव, बौद्धवाडीतल्या घराच्या बाजूने स्वतंत्रपणे सांगितली गेलेली स्मृती. भावाने फोन करून विचारलं, "सर, एवढंच?" मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना परदेशस्थ नागरिकत्वाचं कार्ड देण्याची घोषणा केली, तेव्हापासून अशा चौकशा वाढल्यात, आणि प्रत्येकाला ठाम कागद हवा असतो. मी म्हटलं, एवढंच.

आधी जाहीर केल्याप्रमाणे प्रश्न शेवटी घ्यायचे होते, पण पुढच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केलाय आणि प्रश्न काय असणार ते मला कळतंय. मला स्वतःला काय वाटतं? माझा कौल थोडासा ओढ्यापलीकडे झुकतो. कारण त्या आजींना मी काही पुरवलं नव्हतं. पण हे मी लिहून देणार नाही, कोर्टात टिकणार नाही, आणि दर्यापलीकडे गेलेले त्या गावातून एकापेक्षा जास्त असतील, दोन्ही वाड्यांतून असतील, हीच शक्यता सगळ्यात मोठी आहे.

पुढच्या वर्षी बाई एकट्याच आल्या. चार दिवस राहिल्या, दोन रात्री इकडे, दोन रात्री तिकडे. मोठ्या घरातल्या वृद्ध बाईंना ते आवडलं नाही, पण पहिल्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जावचा नाय," आणि दुसऱ्या वाडीला जायला निघताना बाईंच्या पिशवीत दोन नारळ टाकले. एक कोणासाठी, ते बोलल्या नाहीत. भावाने त्या छापील वंशावळीचा फोटो मोठा करून पोर्ट लुईच्या घरात दिवाणखान्यात लावलाय. बाईंच्या घरी तो नाही.

हं, ताई, आता तुमचा प्रश्न.